घर बांधताना तुम्ही साइटवर काय बघितलंत? (अनुभव धागा)

आमच्या घराचा नकाशा एकदाचा पक्का झाला. दोन मजले, तीन पिढ्या. प्रत्येकाचं काहीतरी हवं-नको सांभाळून आर्किटेक्टने तो इतक्या वेळा बदलला की शेवटी त्यालाच आमची दया आली असावी. आता खोदाई सुरू होईल. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही. साइटवर जाऊन माझं काम नेमकं काय, कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं, हेही कळत नाही. ओळखीचे लोक दोनच सल्ले देतात. एक, रोज छातीवर उभ्या राहा, नाहीतर चुना लावतील. दोन, कंत्राटदारावर सोडून द्या, डोक्याला ताप नको.

म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतःच्या गरजेप्रमाणे आराखडा करून घेऊन घर बांधलंय, त्यांनी लिहावं. रंग, पडदे, फर्निचर यासाठी वेगळा धागा काढू. इथे पायापासून फार तर फरशीपर्यंत.

* * *

आखणीच्या दिवशी मात्र काहीही करून हजर राहा.

फक्कीच्या रेघा मारून झाल्या की तुम्हाला वाटेल, आपण खुराडं बांधतोय. आमच्या घरात त्या संध्याकाळी अक्षरशः सुतकी वातावरण होतं. हॉलमध्ये सोफा मावेल का, यावर बराच वेळ खल झाला. मोकळ्या आभाळाखाली कुठलीही खोली लहानच दिसते. नजरेला अडवणारं काही नसतं, त्यामुळे मापाचा अंदाजच येत नाही. घाबरून तिथल्या तिथे खोल्या वाढवायला सांगू नका, हे मुद्दाम लिहितोय, कारण तो मोह होतोच. हवं तर सध्याच्या घरातली खोली मोजा आणि नकाशातल्या आकड्याशी ताडून बघा.

काटकोन तपासायला इंजिनिअर लागत नाही. कोपऱ्यातून एका रेघेवर 3 मीटर, दुसरीवर 4 मीटर मोजून खुणा करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 मीटर आलं तर कोपरा काटकोनात आहे. चौकोनी खोलीचे दोन्ही कर्ण सारखे येतात का तेही बघा. आमचे मिस्त्री हे आपणहून करत होते आणि मी टेप धरायला पुढे झालो तर खूशच झाले. पुढे सगळं काम संपेपर्यंत माझं त्यांच्याशी छान जमलं.

* * *

मी परगावी होतो, साइटवर भाऊ. तो बिचारा रोज व्हिडिओ पाठवायचा. घमेली चाललीयेत, मिक्सर फिरतोय, मागे कुणाचं तरी गाणं. बघायला मजा यायची, कळायचं मात्र काहीच नाही.

मग पद्धत बदलली. व्हिडिओ बंद, फोटो चालू, आणि तेही फक्त जे झाकलं जाणार आहे त्याचे. काँक्रीट ओतण्याआधी सळ्या. गिलाव्याआधी भिंतीतले विजेचे पाइप. फरशीआधी जमिनीतून गेलेल्या पाण्याच्या लाइनी. प्रत्येक फोटोत टेप उघडून धरलेला, म्हणजे कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून अंतर किती ते वाचता यावं. फोल्डर तारखेने नाही, खोली आणि भिंतीप्रमाणे. 'स्वयंपाकघर, खिडकीची भिंत' असं.

सांगायला आनंद होतो की राहायला गेल्यावर कपाटं टांगताना, गीझर बसवताना एकदाही ड्रिल पाइपात गेलं नाही. सुतार आता आधी फोन मागतो, मग मशीन काढतो.

* * *

साइट इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं काम करतोय. मालकमंडळी साइटवर आली की विटा मोजतात, सिमेंटच्या गोण्या मोजतात. मोजा, हरकत नाही. पण घराचं आयुष्य ज्याच्यावर ठरतं ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामध्ये ठरावीक जाडीचं काँक्रीट असावं लागतं. त्याला कव्हर म्हणतात. साधारणपणे स्लॅबला 20 मिमी, कॉलमला 40, फुटिंगला (कॉलमखालचा पायाचा रुंद भाग) 50. ते मिळावं म्हणून सळईखाली छोटे ठोकळे ठेवतात, ते कव्हर ब्लॉक. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी जाळीवर एक चक्कर मारा आणि वाकून बघा, सळ्या फळ्यांवर टेकल्यात की ठोकळ्यांवर आहेत. टेकल्या असतील तर काही वर्षांत तिथे ओल शिरणार, सळई गंजणार. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचे पापुद्रे पाडतं. छताचे पोपडे पडून सळ्या उघड्या पडलेल्या इमारती बघितल्या असतीलच. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मूळ कारण इतकं साधं असतं.

दुसरं, पाणी. काँक्रीट सरकत नाही म्हणून कोणीतरी हळूच बादली ओततो. सिमेंटला घट्ट होण्याच्या रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. काम करता यावं म्हणून आपण त्याहून जास्त घालतोच, पण त्यावर आलेलं प्रत्येक जादा भांडं नंतर वाळून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवून जातं. ताकद तिथेच जाते. मिश्रण घट्ट असेल तर व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून नीट बसवणारं यंत्र) नीट चालवायचा, बादली नाही. व्हायब्रेटर कुठे फिरलाच नाही तर साचा काढल्यावर खडी उघडी दिसते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. अशी जागा दिसली की गिलाव्याने झाकू देऊ नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

तिसरं, पाणी मारणं. गंमत बघा, ओतताना पाणी नको आणि ओतल्यावर पाणीच पाणी हवं. साध्या सिमेंटला निदान 7 दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला निदान 10 दिवस सतत ओलावा राहायला हवा. ऊन-वारा असेल तर आणखी. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून आळी करून पाणी साठवून ठेवता येतं. कॉलमला मात्र पोतं गुंडाळून ते भिजतं ठेवावं लागतं, आणि हयगय होते ती तिथेच. सकाळी एकदा नळी फिरवून गेलेला माणूस दुपारी येत नाही. इथे मालकाने रोज जाण्यात खरा अर्थ आहे. पोत्याला हात लावून बघायला शिक्षण लागत नाही.

चौथं, क्यूब. ओतलेल्या काँक्रीटमधूनच 150 मिमीचे घन भरून ठेवायचे आणि ते दाबून तपासायचे. 7 दिवसांच्या तपासणीत अंतिम ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश आलं तर गाडी रुळावर आहे. खरा निकाल 28 व्या दिवशी. अहवाल मागून घ्या, लाजू नका.

* * *

इंजिनिअरसाहेब, पोत्याला हात लावण्याचं काम आमच्याकडे सासूबाईंनी घेतलं होतं. कंत्राटदार त्यांना बघून लांबूनच म्हणायचा, 'भिजवलंय आजी, भिजवलंय!' त्या तरी हात लावूनच परत फिरायच्या :)

* * *

मी जरा उलट लिहिते.

रोज जा, पण रोज बोलू नका. आमच्याकडे सासरे एक सांगायचे, नवरा दुसरं, दीर फोनवरून तिसरं. गवंड्याने एक दिवस हात जोडले, 'ताई, मी नक्की कुणाचं ऐकू?' त्यानंतर ठरलं की मजुरांना थेट काही सांगायचं नाही. मनात येईल ते वहीत लिहायचं, आणि आठवड्यातून एकदा आर्किटेक्ट, कंत्राटदार आणि घरातला एक माणूस मिळून वही वाचायची. निम्म्या शंका तोवर आपोआप विरून गेलेल्या असायच्या. उरलेल्यांची उत्तरं वहीत तिथेच लिहून घ्यायची. बदल मान्य झाला तर त्याने मुदतीत आणि खर्चात काय फरक पडेल तेही त्याच पानावर, सह्या करून. पुढे बिलाच्या वेळी 'तुम्हीच म्हणालात' हे वाक्य आमच्याकडे कुणी उच्चारलं नाही.

* * *

आई व्हीलचेअरवर असते. घरच तिच्यासाठी बांधायला घेतलं होतं, म्हणून आम्ही नेमक्या जागा धरून बसलो होतो.

दाराची मोकळी रुंदी 900 मिमी हवी होती. इथे एक खोच आहे. नकाशात लिहिलेलं माप बऱ्याचदा भिंतीतल्या खाचेचं असतं. त्यातून चौकटीची जाडी जाते, उघडलेल्या दाराची जाडी जाते, आणि खुर्चीला उरतं ते कमीच. सुताराने चौकटी आणण्याआधी मी हे माप त्याच्यासोबत बसून धरलं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कोणी पडलं तर दार अडकता कामा नये. आत खुर्ची पूर्ण वळायला 1500 मिमीचं वर्तुळ लागतं. फरशी यायच्या आधी आम्ही ते खडूने जमिनीवर काढलं आणि आईला खुर्चीसकट फिरवून बघितलं. बेसिन आडवं येत होतं, ते सरकवलं. तेव्हा नुसती पाइपलाइन हलवायची होती, म्हणून अर्ध्या दिवसात झालं.

सगळ्यात मोठी गोष्ट जोत्याची. सर्वांना जोतं उंच हवं असतं. पण उताराचं प्रमाण 1 ला 12 धरलं तर 450 मिमी उंच जोत्याला 5.4 मीटर लांब रॅम्प लागतो. तेवढी जागा दारासमोर असते का? आमच्याकडे नव्हती. जोत्याचं काम सुरू होण्याआधीच आर्किटेक्टने हे गणित मांडून दाखवलं आणि रॅम्प घराच्या बाजूने वळवून घेतला. कुणाच्या घरात म्हातारी माणसं असतील, किंवा आपण स्वतः म्हातारे होणार आहोत असं वाटत असेल, तर हा आकडा आत्ताच काढा.

* * *

+1. रॅम्प नंतर जोडू म्हणणाऱ्यांनी वरचा प्रतिसाद दोनदा वाचावा.

* * *

जिन्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून!

पायरीची उंची दुप्पट करून त्यात रुंदी मिळवली की 600 ते 640 मिमीच्या आसपास यावं, हा जुना हिशोब आहे. सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल या फ्रेंच आर्किटेक्टच्या नावाने तो ओळखला जातो. म्हणजे 150 ची उंची असेल तर 300 ची रुंदी. पण खरा घोळ होतो पहिल्या आणि शेवटच्या पायरीत. काँक्रीटचा जिना सगळा सारखा ओततात. मग खालच्या मजल्याला भर आणि फरशी येते आणि पहिली पायरी बुटकी होते. पायऱ्यांवर पातळ दगड आणि वरच्या मजल्यावर जाड भर, म्हणजे शेवटची उंच. पाय मेंदूला न विचारता चढतात, म्हणून तेवढ्या फरकानेही ठेच लागते. जिन्याचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, लावताना विचारा: खाली फरशीची एकूण जाडी किती धरली? वर किती? पायरीवर किती? उत्तर द्यायला कंत्राटदार आकाशाकडे बघायला लागला तर काम थांबवून आधी आकडे लिहून घ्या.

* * *

आर्किटेक्ट आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मालकाने शंका काढली की आमच्यातल्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते. अशा वेळी मला फॉलिंगवॉटर आठवतं. फ्रँक लॉइड राइटने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कौफमन कुटुंबासाठी 1930 च्या दशकात बांधलेलं, धबधब्यावर तरंगणाऱ्या गच्च्यांचं घर. काम चालू असताना कौफमन यांनी आपल्या ओळखीच्या इंजिनिअरांकडून आकडे तपासून घेतले आणि गच्चीत राइटच्या नकाशापेक्षा जास्त सळ्या पडल्या. राइट भयंकर चिडला. तरीही टेकू काढल्यावर गच्ची वाकलीच, आणि पुढच्या दशकांत आणखी खाली येत गेली. शेवटी 2002 मध्ये पोलादी केबल ताणून ती सावरावी लागली. जादा सळ्या नसत्या तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. आज ते घर जागतिक वारसा यादीत आहे.

तेव्हा विचारा. फक्त ओतण्याआधी विचारा. टेकू कधी काढायचे हेही विचारा, आणि ते ठरवण्याचा अधिकार इंजिनिअरलाच राहू द्या. फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायची घाई झालेल्या माणसाला तो देऊ नका.

* * *

एक इशारा. स्लॅब पडेपर्यंत घर भराभर वर येतं, दर आठवड्याला काहीतरी नवं दिसतं. नातेवाईक विचारायला लागतात, 'आता काय, झालंच की!' त्यानंतर बाहेरून काही म्हणजे काही बदलत नाही. वायरिंग, प्लंबिंग, गिलावा, वॉटरप्रूफिंग, चौकटी, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने खोळंबलेला. आमचं सर्वात कडाक्याचं भांडण याच काळात झालं. हप्ते देताना सगळं वजन आधीच्या टप्प्यांवर टाकू नका, शेवटच्या कामांसाठी हातात काही राहू द्या. इतकंच.

* * *

धागाकर्ती: सर्वांचे आभार, प्रिंट काढून फाइलला लावतेय. बाथरूमच्या गळतीबद्दल कुणी सांगेल का? सध्याच्या घरात खालच्यांच्या छताला कायम ओल असते, त्यामुळे धास्ती आहे.

* * *

वॉटरप्रूफिंग झालं की निचऱ्याचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायला सांगा. पातळीची भिंतीवर पेन्सिलने खूण करा. निदान 24 तास, जमलं तर 48. मग खालच्या खोलीत जाऊन छत बघा, कोपरे आणि पाइप जिथून खाली उतरतो ती जागा विशेष. पातळी थोडी उतरली तर लगेच घाबरू नका, काही पाणी हवेतही जातं. खाली ओल दिसली तर मात्र फरशीवाल्याला आत येऊ द्यायचं नाही. पाण्याच्या लाइनी भिंतीत झाकायच्या आधी त्यांनाही पंपाने दाब देऊन ठेवतात, काट्यावरचा आकडा उतरतो का बघायचं. दोन्ही चाचण्यांचे दिवस कंत्राटदाराच्या वेळापत्रकात आत्ताच घालून घ्या, नाहीतर ऐन वेळी 'फरशीवाला दारात उभा आहे' हे ऐकवतात.