उंची इस्तंबूलला वाढेल, पण हाड नाशिकलाच भरणार आहे

गंगापूर_रोडकर:
नात्यातल्या एका मुलाचं इस्तंबूलला जायचं पक्कं झालंय. वय 27, उंची पाच फूट तीन इंच, दोन्ही मांड्यांची हाडं सात सेंटिमीटर वाढवून घेणार. पैसे स्वतःचे, नोकरी आयटीतली, घरून काम करायला परवानगी. घरात व्हायची ती रडारड झाली. त्यावर मला काही म्हणायचं नाही, मुलगा सज्ञान आहे.

माझा आक्षेप पॅकेजला आहे. ऑपरेशन, काही रात्री दवाखान्यात, तीन आठवडे हॉटेल, फिजिओ, विमानतळावर ने-आण, शिवाय बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत बोटीची फेरी. (दोन्ही मांड्यांची हाडं कापलेल्या माणसाला बोटीत कोण चढवणार, देव जाणे.) चौथ्या आठवड्यात मुलगा घरी.

आता हिशोब करा. हाड कापल्यावर काही दिवस नुसते थांबतात. मग हाडाच्या पोकळीत घातलेला धातूचा रॉड दिवसाला साधारण एक मिलिमीटर लांबवतात, तोही एकदम नाही, तीन-चार हप्त्यांत. सात सेंटिमीटर म्हणजे कुठेही न अडखळता सत्तर दिवस. म्हणजे मुंबईचं विमान पकडेपर्यंत फार तर दोन सेंटिमीटर होतील, उरलेले पाच नाशिकला, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये. आणि त्या फटीत धरलेलं कोवळं हाड पक्कं व्हायला पुढे कित्येक महिने.

या काळात दर आठवड्या-पंधरवड्याला एक्स-रे लागतो. हाड नीट धरत नसेल तर वेग कमी करायचा, फार लवकर धरत असेल तर वाढवायचा. पायाला मुंग्या आल्या, गुडघा अडकला, पोटरी सुजली, तर कुणीतरी हात लावून बघायला हवं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर कसं होणार? माझं मत स्पष्ट आहे: वाढ पूर्ण होईपर्यंत तिथे राहायची ऐपत नसेल तर जाऊ नये. आणि नाशिकमधला एखादा ऑर्थोपेडिक पुढचं बघायला आधीच तयार नसेल तर तिकीटच काढू नये.

पाच_दोन:
दादा, तुमची उंची किती? राग मानू नका, पण हा प्रश्न मला आयुष्यभर लोक विचारत आलेत, एकदा तुम्हालाही विचारून बघतो.

पोलीस भरतीला पुरुषांना 165 सेंटिमीटर लागतात. मी मोजपट्टीखालून परत आलोय, धावण्यात पहिल्या दहांत असूनही. स्थळं बघताना तेच. पत्रिका जुळते, पगार जुळतो, मग मुलीची मावशी फोन करते, "मुलगा जरा..." आणि पुढचं वाक्य गिळते. केस लावून घेणाऱ्याला, दात सरळ करणाऱ्याला कुणी धागा काढून सल्ला देत नाही.

आणि तुमच्या अटी बघा. अडीच-तीन महिने परदेशात राहा, इथला डॉक्टर आधी ठरवा. एवढं जमणारे शंभरात किती? हा नकारच आहे, फक्त गोड भाषेत.

नाशिकरोडचे_नाना:
हे तंत्र कुठून आलं ते या पोरांना माहीत आहे का? सैबेरियातल्या कुर्गान गावी डॉ. इलिझारोव यांनी 1950 च्या दशकात ते उभं केलं. समोर कोण होते, तर युद्धातून लंगडत आलेले, वाकडी हाडं जुळलेले, पोलिओने एक पाय आखूड राहिलेले. उंच उडीतला ऑलिंपिक विजेता ब्रुमेल मोटरसायकलच्या अपघातानंतर त्यांच्याकडे गेला होता. इटलीचा गिर्यारोहक कार्लो मौरी 1980 मध्ये पाय दुरुस्त करून परतला, तेव्हा कुठे युरोपने दखल घेतली. आमच्या पिढीत पोलिओचा पाय घरोघरी दिसायचा. अशा माणसाचा पाय पाच सेंटिमीटर वाढला तर तो सरळ चालतो. धडधाकट पाय कापून घेणं हे मला पटत नाही आणि पटणार नाही. चीनने तर 2006 मध्ये नुसत्या सौंदर्यासाठी हे करायला बंदीच घातली.

पाच_दोन:
नाना, ज्याला रोज टोमणे बसतात त्याला "धडधाकट" म्हणणं सोपं आहे. बाकी इतिहास आवडला, खरंच.

द्राक्षबाग_पिंपळगाव:
खर्च लाखांतच जाणार ना? तेवढ्यात आमच्याकडे दोन एकर द्राक्षबागेला प्लास्टिकचं आच्छादन होतं आणि ते उंचही असतं 😄

सिडकोची_फिजिओ:
मी या कामातली आहे, म्हणून थोडं लांब लिहिते. रोडकर दादांचं अर्धं पटतं, अर्धं अजिबात नाही.

हाड ऐकतं. दिवसाला मिलिमीटर दिलं की ते वाढतं. ऐकत नाहीत ते स्नायू आणि नसा. मांडी लांबवली की पुढचा आणि मागचा स्नायू दोरीसारखे ताठ होतात, गुडघा पूर्ण वाकत नाही, पूर्ण सरळही होत नाही. नडगी लांबवली तर पोटरी ओढते आणि टाच जमिनीला टेकत नाही. म्हणून रोज स्ट्रेचिंग, दुखत असतानाच. चार दिवस चुकवले तर गेलेलं परत मिळवायला आठवडे जातात. आणि आपल्याकडच्या गोष्टी तिकडचं हॉटेल शिकवत नाही. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसणं, देशी संडास, हे सगळं बराच काळ विसरायचं. घरात कमोड नसेल तर आधी तो बसवा.

आता न पटलेलं. तुम्ही म्हणता तिथेच राहा. मी म्हणते, शक्य असेल तर लवकर घरी या. हॉटेलच्या खोलीत एकटा पडलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडतो. वेदना, झोप नाही, भाषा कळत नाही, जेवण जात नाही. हाड भरायला प्रोटीन लागतं आणि हा बिस्किटं खाऊन दिवस काढतो. घरी आई दोन वेळा गरम वाढते, मित्र येऊन बसतात, रडायला माणूस असतो. नाशिकला बरं होणं हा धोका नाही. तयारी न करता नाशिकला येणं हा धोका आहे.

विमानाचं मात्र विसरू नका. इस्तंबूल-मुंबई काही तास, मग कसारा घाट नाहीतर समृद्धीवरून गाडी. ताज्या ऑपरेशनचे पाय इतका वेळ लटकलेले, म्हणजे शिरेत रक्ताची गाठ व्हायची भीती. रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी तिथल्या सर्जनकडून लेखी घ्या. आणि सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते जसे खणून ठेवलेत, त्यात रिक्षाने क्लिनिकला यायचं धाडस करू नका, फिजिओ घरी बोलवा.

धाकट्याचा_मोठा:
माझा भाऊ जाऊन आलाय, तुर्कस्तानला नाही, दुसरीकडे. देश आणि दवाखाना सांगत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

तो परतला तेव्हा वाढ निम्मी झाली होती. एका मांडीतलं हाड ठरल्यापेक्षा लवकर जुळलं आणि रॉड पुढे सरकेना. इथे ज्यांच्याकडे नेलं ते सभ्यपणे म्हणाले, "ज्यांनी केलंय त्यांच्याकडेच जा." मला तेव्हा संताप आला. आता वाटतं, त्यांचंही बरोबर होतं. रॉड कुठल्या कंपनीचा, तो बाहेरून लांबवायचं यंत्र कुठून आणायचं, उद्या बिघडलं तर कोर्टात कोण उभं राहणार? 2016 मध्ये हैदराबादला एका तरुणाने घरी न सांगता हेच ऑपरेशन करून घेतलं, आईवडिलांनी तक्रार केली, प्रकरण तेलंगणाच्या वैद्यकीय परिषदेपर्यंत गेलं. अशा रुग्णाला हात लावताना डॉक्टर दहादा विचार करणारच.

भाऊ परत गेला, हाड पुन्हा कापावं लागलं. विम्यातून दमडी मिळाली नाही. कॉस्मेटिक सर्जरी आपल्या पॉलिसीत वगळलेली असते, आणि ठरवून घेतलेले उपचार प्रवास विम्यातही बसत नाहीत. हे सगळं होऊन त्याला विचारा, तो म्हणतो परत करीन. त्यापुढे मी काय बोलणार.

पाच_दोन:
हेच! ज्याचे पाय तोच म्हणतो परत करीन. मग आपण कोण?

धाकट्याचा_मोठा:
भाऊ, तो म्हणतो. रात्री त्याला धरून संडासला नेणारी आमची आई तसं म्हणत नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गंगापूर_रोडकर:
फिजिओ ताई, घरचं जेवण आणि आईचा हात मलाही कळतो. पण हाड लवकर जुळलं तर आई काय करणार? मोठ्या भावाने लिहिलंय ते नेमकं तेच आहे. तुमच्या क्लिनिकमध्ये तरी रॉडचं यंत्र आहे का?

पाच_दोनसाठी: उंची पाच फूट सात. प्रश्न रास्त होता. पण माझं म्हणणं उंचीला धरून नाहीच. एकदा रॉड घातला की संपलं असंही नाही. साधारण वर्षभराने हाड पक्कं झालं की तो काढायला दुसरं ऑपरेशन, त्याचे पैसे पॅकेजात नाहीत. चुंबकाने लांबणारा रॉड आत असेपर्यंत एमआरआय करता येत नाही, उद्या डोक्याला मार लागला तरी. आणि "सगळ्यात नवीन तंत्र" या शब्दांना भुलू नका. स्ट्राइड नावाचा रॉड आला होता, त्यावर पूर्ण भार देऊन चालता येतं म्हणून गाजला. 2021 मध्ये कंपनीलाच तो मागे घ्यावा लागला. धातू गंजत होता आणि आजूबाजूच्या हाडावर परिणाम दिसत होते.

सिडकोची_फिजिओ:
यंत्र नाही. ते रुग्णाबरोबर घरी देतात, हे तुमच्या पॅकेजात लिहिलंय का ते बघा. नसेल तर ते पॅकेज घेऊ नका, एवढं मी तुमच्या बाजूने म्हणते.

पाच_दोन:
ताई, रोडकर दादांच्या नात्यातल्या मुलाचं जाऊ द्या. मी गेलो तर तुम्ही सातपूरला रोज याल का? फी सांगा.

सिडकोची_फिजिओ:
फी नंतर. आधी या आठवड्यात येऊन दाखव. गुडघा सरळ ठेवून पाय किती वर उचलता येतो ते बघू. मागचा स्नायू आत्ताच आखडलेला असेल तर जायच्या आधी तीन महिने स्ट्रेचिंग. व्हिटॅमिन डी तपासून घे. सिगारेट ओढतोस?

पाच_दोन:
कधीकधी.

सिडकोची_फिजिओ:
सिगारेटने हाड भरायला उशीर होतो. आधी ती सोड, मग ऑपरेशनचं बघ. आणि येताना आईला घेऊन ये, तिच्याशी मला वेगळं बोलायचंय.

नाशिकरोडचे_नाना:
आईला न्यायचं हे उत्तम. बाकी माझं मत तेच.