अकरा वर्षं उभी असलेली आरएक्स-७: १२ए इंजिन उघडण्याआधी काय तपासू?

वहीवाला:

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

मामांची १९८२ची माझदा आरएक्स-७ माझ्याकडे आली आहे. १२ए रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी आत दोन तिकोनी रोटर फिरतात), मूळचाच चार बॅरलचा निक्की कार्ब्युरेटर, पाच गिअर. मामा आजारी पडले तेव्हापासून ती उभीच आहे, आता अकरा वर्षं झाली. लहानपणी ते बॉनेट उघडायचे तेव्हा टॉर्च धरायचं काम माझं असे. मी विचारायचो, इंजिन कुठे आहे? ते एअर फिल्टरच्या खाली बोट दाखवून म्हणायचे, "हे एवढंसंच. यात वरखाली जाणारं काही नाही, सगळं फिरतं." सात हजारांच्या आसपास काटा गेला की वाजणारा बझर मला अजून ऐकू येतो... (काटा नक्की कुठे असायचा ते नीट आठवत नाही, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.)

पिस्टनची इंजिनं मी उघडून बसवली आहेत, चार-पाच. रोटरी एकही नाही.

मामा गाडीची वही ठेवत. प्रत्येक टाकी, प्रत्येक प्लग, सगळं तारखेनिशी. दर दीड हजार किलोमीटरला साधारण एक लिटर इंजिन ऑइल घातल्याची नोंद आहे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. शेवटच्या दोन पानांवर मात्र "पाणी अर्धा लिटर" असं चार वेळा लिहिलंय, आणि एकदा "सकाळी पांढरा धूर, मग बंद". त्यानंतर वही कोरी.

एका गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले, इंजिन ऑइल खातंय म्हणजे संपलं, काढून टाका आणि पिस्टनचं बसवा. माझं मन होत नाही. अजून बॅटरीही जोडलेली नाही. सीलचा पूर्ण संच मागवायच्या बेतात आहे. मागवू का? की आधी एकदा सुरू करून बघू?

त्रिकोण:

सेल्फ मारू नका. आणि संचही आज मागवू नका.

तुमच्या मामांनी निम्मं निदान लिहूनच ठेवलंय. ऑइलची नोंद विसरून जा, ती तब्येतीची खूण आहे. या इंजिनात रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं थोडं ऑइल कार्ब्युरेटरमध्ये सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. दीड हजाराला एक लिटर म्हणजे पंप नीट चालला होता. ऑइल घटायचं थांबलं असतं तर मी घाबरलो असतो.

खरी गोष्ट पाण्याची आहे. हे इंजिन म्हणजे थाळ्यांची चळत समजा: पुढची बिडाची थाळी, ॲल्युमिनियमचं रोटर हाउसिंग (ज्या कड्याच्या आत रोटर फिरतो ते), मधली थाळी, दुसरं हाउसिंग, मागची थाळी. अठरा लांब बोल्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन सगळं आवळून धरतात. प्रत्येक जोडावर पाणी अडवायला रबरी सील असतं. ते गेलं की रात्रभरात थोडं पाणी चेंबरमध्ये झिरपतं आणि सकाळी पांढरा धूर होऊन निघतं. "मग बंद" लिहिलंय ते म्हणूनच. इंजिन तापलं की धूर थांबायचा.

आता ते पाणी अकरा वर्षं आत बसून असेल तर बिडाच्या थाळ्यांवर गंज धरला असणार आणि सील आपापल्या खाचांत चिकटून बसली असणार. अशा वेळी स्टार्टरने जोर दिला तर टोकाचं सील तुटतं, आणि त्याचा तुकडा फिरत फिरत रोटर आणि हाउसिंग दोन्ही फाडतो. एक सकाळ वाचवायला जाऊन न मिळणारा भाग गमवाल.

चारही प्लग काढा. भोकातून आत वास घ्या. कूलंटचा गोडसर वास ओळखू येतो. आत उजेड टाकून बघा. मग प्रत्येक भोकातून थोडं पातळ ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. नंतर शाफ्टच्या पुढच्या १९ मिलिमीटरच्या बोल्टला पाना लावून हाताने, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. अडलं तर थांबा, पुन्हा ऑइल.

मोकळं फिरलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे चेंबरमधला दाब, बघता येईल. त्यात एक गोम आहे. साधं गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतं आणि बाकीच्या दोन झाकतं. गेजमधला व्हॉल्व्ह काढा आणि काट्याच्या तीन उड्या बघा. २५० आरपीएमला साधारण ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवं, आणि तीन उड्यांमध्ये दीडपेक्षा जास्त फरक नको. पण खरं सांगू? पाण्याची कथा वाचल्यावर मी आकड्यांची वाट न बघता इंजिन उघडलंच असतं. सील फाटलेलं आहे, ते आकड्यांनी जुळणार नाही.

संच आज का नको, ते उघडल्यावर कळेल. सील कितीही नवी घ्या, त्यांना चालायला हाउसिंगची आतली क्रोमची भिंत हवी. ती गेली असेल तर आधी हाउसिंग शोधावी लागतात, आणि सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

पत्रेवाला:

इंजिनवर त्रिकोण यांच्यापुढे मी बोलत नाही. पण इंजिन बाहेर काढाल तेव्हा पुढचे सीट काढून त्यामागचे दोन सामानाचे कप्पे उघडून बघाच. तिथला पत्रा खालून सडतो आणि वरून कार्पेट छान दिसत राहतं. मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, दारांचा खालचा काठ, हेही बघा. रंगाचं सगळ्यात शेवटी. रंग आधी करून मग इंजिन बसवताना फेंडरला ओरखडा पडलेला मी स्वतः सोसलाय.

सातहजारी:

मेहनत करणारच आहात तर १३बी, माझदाचंच मोठं रोटरी, का नाही बसवत? रोटरची रुंदी ७० ऐवजी ८० मिलिमीटर, बाकी माप तेच, म्हणून ११४६ सीसीचे १३०८ होतात. आणि तो ऑइलचा पंप बंद करून पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळा. स्वच्छ जळतं. मी अनेक वर्षं तसंच चालवतोय.

त्रिकोण:

१३बी चांगलंच, पण ते मामांचं इंजिन नाही आणि त्यांनी बदलायचं विचारलेलं नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याला माझा विरोध नाही, शिस्तीच्या माणसाचं काम आहे ते. माझं म्हणणं एवढंच की पंप चालू स्थितीत असेल तर राहू द्या. एखाद्या टाकीला तुम्ही विसराल, पंप विसरत नाही. फक्त त्याच्यापासून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या बदला, जुन्या झाल्या की कडक होऊन तडकतात.

वहीवाला (पाच आठवड्यांनी):

इंजिन बाहेर काढून उघडलं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सांगितलं ते अक्षरशः तसंच निघालं.

पुढच्या रोटरच्या प्लगच्या भोकातून वास आला. ऑइल सोडून चौथ्या दिवशी शाफ्ट हलला, आधी नखभर, मग अख्खा फेरा. मागचा फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा. लांब नळी, फ्लायव्हील अडवायला लोखंडी पट्टी आणि दोन माणसं, तरी अर्धा तास गेला.

थाळ्या सुटत गेल्या तसं प्रत्येक सील वेगळ्या पाकिटात ठेवलं. पुढचा की मागचा रोटर, कुठली बाजू, कुठलं टोक, सगळं पाकिटावर लिहिलं. प्रत्येक रोटरला टोकाची ३, कोपऱ्याची ६, बाजूची ६ आणि ऑइल अडवणारी ४ कडी. दोन रोटरची मिळून अडतीस, स्प्रिंगा वेगळ्या. टेबलावर मांडल्यावर मामा का वही ठेवत ते समजलं.

पुढच्या हाउसिंगच्या आतल्या बाजूचं पाण्याचं सील एका जागी चपटं होऊन तुटलं होतं. त्याच्या शेजारी थाळीवर तळहाताएवढा गंजाचा डाग. गंज हलक्या हाताने उतरवल्यावर खाली बारीक खड्डे दिसतात, पण नख अडकत नाही. सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) लावून बघितलं: ०.०४ मिलिमीटरचं पातं कुठेच शिरत नाही. बाजूच्या सीलनी पाडलेली झीज ०.०६ आहे.

मागचं हाउसिंग आरशासारखं. पुढच्याची क्रोम काठाशी सुमारे दोन सेंटिमीटर लांब सोलली आहे, रुंदी मिलिमीटरपेक्षा कमी. मधल्या पट्ट्यात काही नाही, आडव्या लाटाही नाहीत. चालेल का हे?

त्रिकोण:

तुमची मापं वाचून बरं वाटलं. थाळीचा वाकडेपणा ०.०४च्या आत हवा, झीज ०.१०च्या आत. दोन्हीत बसताय. खड्डे सीलच्या वाटेवर नसतील आणि नखाला लागत नसतील तर मी ती थाळी वापरेन. लेथवर देऊन ती गुळगुळीत करून आणायचा मोह आवरा.

क्रोम काठाशी गेली आहे तिथे सीलचं अगदी टोक चालतं. मला नवं हाउसिंग मिळत असतं तर मी बदललं असतं. मिळत नसेल तर हे वापरा, त्या एका टोकाला थोडी गळती राहील, गाडी चालेल. मधल्या पट्ट्यातून एवढीशी जरी निघाली असती तरी नको म्हणालो असतो, कारण तिथे सीलची धार प्रत्येक फेऱ्यात अडकते.

आडव्या लाटा बघितल्यात हे फार छान केलंत. माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांना त्यांनीच छळलं होतं. सील भिंतीवर थरथरायचं आणि क्रोमवर ओरखड्यांची शिडी उमटायची. तिथले इंजिनिअर त्यांना सैतानाची नखं म्हणत. केनिची यामामोतो यांच्या गटाने कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मिसळून सील केली तेव्हा कुठे १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी विकायला काढता आली. तुमच्या १२एमध्ये तीन मिलिमीटर जाडीची ओतीव लोखंडाची सील आहेत, त्यामागे ती सगळी वर्षं आहेत.

आता संच मागवा. जुनी टोकाची सील ठेवायचा विचार असेल तर दोन सील पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसली तर ती वाकली आहेत. पाण्याची सगळी सील नवीच, यात विचार करू नका.

सगळ्यात जास्त वेळ बाजूच्या सीलना द्या. नवं सील लांब येतं. कोपऱ्याचं सील जागेवर बसवून त्याच्या आणि बाजूच्या सीलच्या टोकामध्ये ०.०५ ते ०.१५ फट राहील इतकं घासायचं. मी ०.०५च्या जवळ ठेवतो. बारीक कानस, दोन घासे, पुन्हा फीलर गेज. बारा सीलना मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. एक जरी जास्त घासलं गेलं तर ते बाजूला ठेवा, "चालेल" म्हणून बसवू नका. घासलेलं सील पुन्हा त्याच खाचेच्या पाकिटात.

वहीवाला (आणखी सात आठवड्यांनी):

बारा सीलना मला चार संध्याकाळी लागल्या. एक वाया गेलं, बदली मागवलं.

बसवताना सील जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन वापरलं. मधली थाळी बसवताना अडकलो होतो, शाफ्टचा फुगीर भाग आड येत होता. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे शाफ्ट पंचवीस मिलिमीटर वर उचलून धरला तेव्हा ती अलगद खाली गेली. अठरा बोल्ट ठरलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले. शाफ्टची पुढेमागे हालचाल डायल गेजवर पहिल्यांदा ०.१० आली, स्पेसर बदलल्यावर ०.०६.

मग प्लग न लावता हाताने फिरवलं, आणि नंतर भोकावर अंगठा ठेवून. फुस, फुस, फुस. तीन सारखे. मागच्या रोटरलाही तीन. मी बराच वेळ नुसता तेच करत बसलो होतो. मामांना ऐकवायला हवं होतं.

इंजिन आता गाडीत बसलंय. सीटमागचे कप्पे खरंच सडले होते, त्यांचा पत्रा कापून नवा घातला. पत्रेवाला, मनापासून आभार. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घेऊ?

त्रिकोण:

०.०६ उत्तम. मर्यादा ०.०४ ते ०.०७ची आहे.

इग्निशनची जोडणी काढून, प्लग बाहेर ठेवून, सेल्फ मारत राहा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. दर दहा-पंधरा सेकंदांनी स्टार्टरला विश्रांती द्या. मगच प्लग आणि इग्निशन. पहिल्या वेळी पेट्रोलमध्येही थोडं टू-स्ट्रोकचं ऑइल असू द्या, पंपाच्या नव्या नळ्या भरायला वेळ लागतो. सातहजारी यांचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर.

सुरू झाल्यावर भरपूर धूर येईल. व्हॅसलीन जळतंय, घाबरून बंद करू नका. नजर पाण्याच्या काट्यावर ठेवा, धुरावर नको. हवा निघून पाण्याची पातळी खाली जाईल, भरत राहा. नव्या सीलना पहिले हजारभर किलोमीटर जोर देऊ नका.

रात्रभर गाडी थंड होऊ द्या. सकाळी सुरू करण्याआधी झाकण उघडून पाण्याची पातळी बघा, मग सुरू करून धुराचा रंग बघा. दोन्ही वहीत लिहा आणि इथेही कळवा.