मदत हवी आहे : पर्यावरणपूरक सवयींनी वीजबिल खरोखर उतरते का?

सिंहगडरोडकर :
नमस्कार. जानेवारीचे वीजबिल पाहून घरात वाद झाला, म्हणून हा धागा काढत आहे. आम्ही सर्व दिवे एलईडी केले आहेत, खोलीतून बाहेर पडताना बटणे बंद करतो, कापडी पिशव्या वापरतो, तरीही खर्च जागचा हलत नाही. 'थेंबे थेंबे तळे साचे' हे ऐकून झाले आहे. ज्या सवयीने पर्यावरणाचेही भले होते आणि पैशांतही दिसण्याजोगा फरक पडतो, अशी एखादी ठोस गोष्ट असेल तर तीच कृपया सांगावी. थोडी घाई आहे.

उन्हाळी दुपार :
गच्चीवर सौर पॅनेल बसवा आणि विषय संपवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट वीज तयार होते. माझ्या बंगल्यावर संच बसवल्यापासून बिलात स्थिर आकार सोडला तर फारसे काही उरत नाही.

मीटरवाचक :
बिल रुपयांत सांगू नका म्हणावे, तर तुम्ही तेही सांगितलेले नाही. युनिट किती झाले, घर स्वतःचे की भाड्याचे, माणसे किती, आंघोळीचे पाणी कशावर तापते, एवढे कळल्याशिवाय कोणताही सल्ला अंधारात मारलेला दगड ठरेल.

सिंहगडरोडकर :
३४० युनिट. भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, चार माणसे, स्वयंपाकाला पाइपचा गॅस. बाथरूममध्ये विजेचा गिझर आहे, जसा सगळ्यांकडे असतो. गच्ची आमची नाही, त्यामुळे पॅनेलचा प्रश्नच येत नाही.

उन्हाळी दुपार :
तुमची नसली तरी सोसायटीची आहे ना? सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सभेत विषय मांडा.

मीटरवाचक :
सामाईक वापर म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. त्याने देखभाल खर्च कमी होईल, परंतु तो बहुधा घरमालक भरतो. भाडेकरूच्या मीटरचा काटा त्यामुळे तसूभरही हलणार नाही.

सदाशिव :
तुम्ही ३०० युनिट ओलांडलेत, हीच खरी मेख आहे. एकदा ३०० ओलांडले की संपूर्ण बिल वरच्या दराने लागते.

मीटरवाचक :
हा गैरसमज जुना आहे आणि तो दर वेळी खोडून काढावा लागतो. महावितरणच्या घरगुती आकारणीत १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात, मात्र वरचा दर फक्त त्या टप्प्यात गेलेल्या युनिटांनाच लागतो. म्हणजे धागाकर्त्यांच्या ३४० पैकी केवळ शेवटची ४० युनिटे तिसऱ्या टप्प्यात आहेत. तीच सर्वांत महाग असल्यामुळे वाचवायला सुरुवात तिथूनच करावी.

पंखेप्रेमी :
जुना पंखा ७५ वॅट खातो, तर बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. सर्व पंखे बदला, दोन-तीन वर्षांत पैसे वसूल होतील.

सदाशिव :
जानेवारीत, पुण्यात, पंखे?

परसबाग :
इथे सगळे विजेच्या मागे लागले आहेत, म्हणून थोडे वेगळे सांगते. संत्र्या-लिंबांच्या साली फेकू नका. १ भाग गूळ, ३ भाग साली आणि १० भाग पाणी प्लास्टिकच्या बरणीत भरून तीन महिने ठेवले की फरशी पुसण्यासाठी उत्तम जैव-द्रावण तयार होते. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून आतला वायू मात्र जाऊ द्यावा. बाजारातले फिनेल आणणे मी बंद केले आहे. ओल्या कचऱ्याचे गांडूळखतही घरीच करा, महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलत देते.

मीटरवाचक :
मिळकतकर घरमालक भरतो. सवलत त्याला मिळेल आणि गांडुळे भाडेकरूला सांभाळावी लागतील.

परसबाग :
सगळेच रुपयांत मोजायचे असेल तर बोलणेच खुंटले. कुंड्यांसाठी खत विकत आणावे लागत नाही, ही बचत नव्हे का?

सिंहगडरोडकर :
परसबागताई, कल्पना चांगली आहे, पण मी विचारले होते ते वीजबिलाचे. मीटरवाचक, गिझर बंद करा असे सांगणार असाल तर ते शक्य नाही. इमारतीवर सौर बंब आहेत आणि सकाळी ६ ते ८ त्यांचे पाणी येते, परंतु एक-दीड बादली वाहून गेल्याशिवाय ते गरम होत नाही. तेवढे पाणी वाया घालवणे मनाला पटत नाही, म्हणूनच गिझर लावला जातो.

मीटरवाचक :
सौर बंब आहेत ही गोष्ट तुम्ही इतक्या प्रतिसादांनंतर सांगत आहात! सगळे उत्तर त्यातच आहे. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट लागतो. चार माणसांचे दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला ६० युनिट झाले, आणि गिझर चालू राहून जी उष्णता वाया जाते ती वेगळीच. हे थांबले तर तुम्ही थेट २८० वर येता.

सुरुवातीला गार येते ते रात्रभर नळीत थांबून निवलेले पाणी. ते वाहू न देता बादलीत धरा आणि धुण्याच्या यंत्रात, लादी पुसायला किंवा कुंड्यांना वापरा. नळी एकदा तापली की चौघांनी पाठोपाठ आंघोळी उरकाव्यात. मध्ये तासभर गेला तर पाणी पुन्हा निवते आणि मग गिझरचा मोह होतो.

सदाशिव :
सौर पाण्याची नळी गिझरच्या तोंडाला जोडून घ्या, म्हणजे पाणी कमी गरम असेल तेवढेच तो तापवेल.

मीटरवाचक :
जोडणी चुकीची नाही, पण नळीतले गार पाणीच आधी टाकीत शिरणार आणि गिझर ते तापवू लागणार. शिवाय भाड्याच्या घरात भिंत फोडायला परवानगी कोण देईल?

उन्हाळी दुपार :
मूळ दोष इमारतीच्या नळकामात आहे. नळ्यांवर उष्णतारोधक आवरण घातले आणि परतीची नळी टाकून लहान पंपाने पाणी फिरते ठेवले, तर तिसऱ्या मजल्यावर नळ उघडताच गरम पाणी यायला हवे. टँकरचे जड पाणी असेल तर बंबाच्या नळ्यांत क्षारही साचतात, ते कधी काढले होते याचीही चौकशी करा.

सिंहगडरोडकर :
टँकर उन्हाळ्यात येतातच. बादली धरणे उद्यापासून करता येईल. परंतु मुलांची शाळा दुपारची असल्यामुळे ती आठच्या आधी उठत नाहीत, त्यांचे काय? आणि नळ्यांचे काम सोसायटीकडून करून घ्यायचे तर भाडेकरूचे तिथे ऐकतो कोण?

मीटरवाचक :
मुलांची आंघोळ रात्री ठेवता येत नसेल तर त्यांच्यापुरता गिझर लावा. तरी निम्मी वीज वाचेल, म्हणजे ३१० च्या आसपास याल. उरलेल्या दहासाठी सेट-टॉप बॉक्स मुख्य बटणावरून बंद करून पाहा, काही बॉक्स नुसते बसून महिन्याला ८-१० युनिट घेतात. सोसायटीला पत्र मात्र घरमालकाच्या सहीने द्या आणि आवरण घालण्याची मागणी आधी करा. ते पंपापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे समितीकडून मंजूर होणे सोपे जाते.