पँडोराची गोष्ट ६-७ वर्षांच्या मुलांना सांगितल्यावर काय विचारायचं?

रविवारची_गोष्ट
आमच्या सोसायटीत दर रविवारी ६ ते ८ वयाची दहाबारा मुलं जमतात, मी गोष्ट सांगते आणि मग गप्पा. परवा ग्रीक पुराणातली पँडोरा सांगितली, ती पेटी उघडते, दुखणी-आजारपणं सगळी बाहेर पळतात आणि आत फक्त आशा उरते ती. शेवटी नेहमीसारखं विचारलं, यातून काय शिकलो? एक मुलगी पटकन म्हणाली, "उघडून बघायचं नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. फार वाईट वाटलं हो मला, एरवी हीच पोरगी मुंग्यांची रांग कुठं जाते ते बघत अर्धा अर्धा तास उकिडवी बसलेली असते. कसे प्रश्न विचारता तुम्ही?

पाटीपेन्सिल
ताई, "काय शिकलो" आधी काढून टाका. त्याचं एकच बरोबर उत्तर असतं हे मुलांना पक्कं माहीत असतं, मग ती तेच शोधत बसतात. आणि मूळ गोष्ट बघा ना, हेसिअड या ग्रीक कवीने इ.स.पू. ७०० च्या आसपास लिहिलेली, त्यात पँडोराला उघडू नको असं कुणी बजावलेलंच नाहीये, ती नुसतं झाकण काढते. पेटीपण नाही, पिथोस, म्हणजे धान्य-तेल साठवायचा मातीचा रांजण, पेटी झाली ती १६व्या शतकात इरॅस्मस नावाच्या विद्वानाच्या लॅटिनमध्ये. मी फळ्यावर मुलांच्या खांद्याला लागेल एवढा रांजणच काढते.

मग मध्येच थांबते. माणसांसाठी आग चोरणाऱ्या प्रोमिथिअसने भावाला सांगून ठेवलेलं असतं की देवांचा राजा झ्यूस, त्याच्याकडून आलेलं काही घेऊ नकोस, आणि दारात झ्यूसनेच रागाने पाठवलेली पँडोरा उभी. तुम्ही काय कराल? नंतर विचारायचं, चूक कोणाची, आग चोरणाऱ्या प्रोमिथिअसची, रागावलेल्या झ्यूसची, तिला घरात घेणाऱ्या भावाची का तिची? आमच्याकडे एकजण म्हणाला, "पण आग नसती तर भात कसा शिजवला असता?" आणि वर्ग जो पेटला! आपण फक्त "तुला असं का वाटलं" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं, कोणी बोललं नाही तरी लगेच मदतीला धावायचं नाही.

नातवाचे_आजोबा
माझा एकच प्रश्न असतो, आशा आत राहिली म्हणजे आपल्याला मिळाली का नाही मिळाली? मोठे मोठे अभ्यासकही यावर भांडतात. नातू म्हणाला, "आत आहे म्हणजे सापडेल, उडून गेलेल्यांना कुठं शोधणार?" दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या, दप्तर पाठीवरच, "पण आजोबा, ती त्या सगळ्या वाईटांबरोबर रांजणात काय करत होती?" मला अजून उत्तर देता आलेलं नाही.

रविवारची_गोष्ट
आज करून बघितलं, रांजण काढला, मध्येच थांबले. चौघं प्रोमिथिअसच्या बाजूने, बाकी सगळी झ्यूसवर चिडलेली. आणि आमची मुंग्यांवाली शेवटी हात वर करून म्हणते, "मग तिने झाकण परत का लावलं?" घरी येऊन परत वाचलं तर खरंच, हेसिअडमध्ये ती झाकण लावते, झ्यूसच्याच इच्छेने. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करतेय.