जर्मनीत नर्सची नोकरी: 'तिकडे सगळं सरकार बघतं' यात खरं किती?

परळची_सिस्टर
नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बारा वर्षं मेडिसिन वॉर्डला. नवरा खासगी नोकरीत, मुलगी सहा वर्षांची, सासूबाई आमच्याजवळ. चौघं चाळीतल्या एका खोलीत. नाइट उतरले की तशीच जर्मनच्या क्लासला जाते. भाषेची बी१ पातळी झाली, त्यावरची बी२ चालू आहे. एक एजंट अडीच लाख मागतोय, म्हणतो 'सहा महिन्यांत विमानात बसवतो'.

चाळीत प्रत्येकाकडे जर्मनीची माहिती आहे! मूल असलं की सरकार पैसे देतं, आजारपण फुकट, नोकरी गेली तरी पगार चालू. सासूबाईंना वेगळीच काळजी, 'मला इथे टाकून जाणार का?' त्यांना नेता येतं का? आणि तिथे राहिलेल्या कुणीतरी खरं सांगा, आपण कधी तिथले होतो का?

मिरज_ते_स्टुटगार्ट
ताई, मी २०१८ पासून इथे आहे. आधी पैशाचं सांगते.

'फुकट' हा शब्द डोक्यातून काढा. पगाराच्या चिठ्ठीवर पेन्शनचे ९.३ टक्के, आरोग्य विम्याचे ७.३ आणि वर थोडे, बेकारी विम्याचे १.३, शिवाय म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा, मग आयकर. पहिली चिठ्ठी बघून मी ऑफिसात विचारायला गेले होते की काही चुकलंय का. नोकरी गेली तर पैसे मिळतात, पण आधीच्या अडीच वर्षांत किमान बारा महिने हप्ता भरलेला हवा. मग निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७, आणि तेही ठराविक महिनेच. मुलीचे मात्र खरंच मिळतात, २०२५ साली महिन्याला २५५ युरो, आईबाप कितीही कमवोत. आणि टीव्ही नसला तरी घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरायची, ती चाळीत कुणी सांगणार नाही.

सासूबाईंचं: १ मार्च २०२४ पासून नियम बदललाय. त्यानंतर कुशल कामगाराचा पहिला परवाना मिळालेल्यांना आईवडील आणता येतात, आणि नवराही इथेच राहत असेल तर सासूसासरेही. पण तुमचं नर्सिंगचं शिक्षण इथे मान्य होईपर्यंत तुम्ही मदतनीसच, तेव्हा लगेच नाही. खरी अडचण विम्याची. सरकारी विम्यात नवरा आणि मुलं कुटुंब म्हणून येतात, आईवडील येत नाहीत. सत्तरीच्या माणसाचा खासगी विमा काढायचा तर पगार कुठवर पुरेल?

आता काम. हे एजंट सांगत नाहीत म्हणून मी सांगते. आपल्याकडे वॉर्डात मावशी असतात, मामा असतात, पेशंटची बहीण उशाशी बसलेली असते. इथे अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं हे सगळं नर्सचंच काम. माझ्याबरोबर आलेली एक जण, आपल्याकडे आयसीयूत इनचार्ज होती, पहिल्या आठवड्यात बाथरूममध्ये जाऊन रडली. काम कमीपणाचं आहे म्हणून नाही, 'माझं शिक्षण कुठे गेलं' म्हणून. आता तीच नव्या मुलींना शिकवते.

भाषेचं. पहिल्या महिन्यात एका कचेरीत 'हाल्ब द्राय'ची वेळ मिळाली. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, मी आपली साडेतीनला हजर. कचेरी बंद! हाल्ब द्राय म्हणजे आपले अडीच. पुढची तारीख सहा आठवड्यांनी. त्यावर कडी म्हणजे आमच्या भागातले म्हातारे 'फिअर्टल द्राय' म्हणतात, ते सव्वादोन. बी२ च्या पुस्तकात हे मला कुठे दिसलं नव्हतं. आकडे मात्र आपल्याला सोपे जातात. पंचवीसला ते 'पाच आणि वीस' म्हणतात, आपल्यातही पाच आधी, वीस नंतर. 'झी' आणि 'दू' म्हणजे आपलं तुम्ही आणि तू. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांची तिथे त्रेधा उडते, मराठी माणसाला कुणाला कधी अरे-तुरे करायचं ते कळतं.

तिथले होतो का? कागदावर होता येतं. जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांनी अर्ज करता येतो. बी१ भाषा, स्वतःच्या कमाईवर घर चालत असल्याचा पुरावा, आणि ३३ प्रश्नांची परीक्षा, १७ बरोबर आले की पास. माझे ३१ आले. अर्ज टाकलाय, उत्तराची वाट बघतेय. जर्मनी आता दोन पासपोर्ट चालवून घेते, भारत नाही. आपला परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. मग मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ गप्प होते.

कागदाबाहेरचं मला नीट सांगता येणार नाही. वॉर्डात एक आजी होत्या, ८९ वर्षांच्या. १९४६ साली लहानपणी बोहेमियातून (आजच्या चेक देशातून) त्यांना हाकललं होतं, दोन बोचकी घेऊन त्या या गावात आल्या. जर्मनच होत्या, तरी गावातली मुलं त्यांच्या बोलण्याला हसायची. मी विचारलं, मग तुम्ही इथल्या कधी झालात? म्हणाल्या, 'नवरा इथलाच होता, तो गेला तरी त्याची बहीण मला त्या बाहेरच्या म्हणायची.' आणि चहा गार झाल्याबद्दल मला रागावल्या.

दादरचे_काका
सिस्टर, एजंटापासून आधी लांब व्हा. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात. नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासा. अडीच लाखांची पावती मागा, गडी पळून जाईल. बी२ ची परीक्षा काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात द्या, त्या प्रमाणपत्राबद्दल कुणी शंका काढत नाही.

मुलीचं वय मात्र नीट धरा. सहाव्या वर्षी गेली तर भाषा पटकन उचलेल. तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर कुणी कुठल्या शाळेत जायचं ते ठरतं, तेव्हा दहाव्या वर्षी नेलंत तर पोरीची ओढाताण होईल. माझ्या नातवाची झाली.

परळची_सिस्टर
काका, पावती मागितली. 'ऑफिसला या, समक्ष बोलू' म्हणाला. नाही गेले.

सासूबाईंना विम्याचं सांगितलं. म्हणाल्या, 'मला नकोच ती थंडी, तुम्ही गणपतीला या.' पण दुपारभर बोलल्या नाहीत.

मिरजकर ताई, एक राहिलं. रविवारी तिथे आवाज करायचा नाही म्हणतात. मग इडलीचं पीठ वाटायचं कधी?

मिरज_ते_स्टुटगार्ट
शनिवारी संध्याकाळी आठच्या आत. विसरलातच तर रविवारी खिडक्या लावा आणि मिक्सरखाली टॉवेल घाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंना मी तीन वर्षं डोसे देतेय, त्या काही बोलत नाहीत. वरचे बोलतात.