रामटेकला वानराचं नख लागलं, आई रेबीजची लस घ्यायला तयार नाहीत. मदत हवी आहे (तातडीचं)

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. काल, सोमवारी, सासूबाईंना (वय ६८) घेऊन रामटेकच्या गडावर गेले होते. उतरताना त्यांच्या हातात फुटाण्यांची पुडी होती. वानरानं ती ओढली, आईंनी मूठ आवळली आणि उजव्या मनगटावर नखं ओढली गेली. तीन रेघा आहेत, एकीतून रक्त आलं. मी गाडी काढायला पुढे गेले होते. घरी येऊन बघते तर त्यांनी हळद भरून टाकलेली, वाळून पापुद्रा झालेला.

आज सकाळी जवळच्या एका दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि "दहा दिवस बघू" म्हणून परत पाठवलं. मला ते पटलेलं नाही. पण त्याहून मोठी अडचण घरात आहे. आई रेबीजच्या लशीला ठाम नाही म्हणतात. त्यांच्या भावाला लहानपणी कुत्रं चावलं तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं दिली होती, ते त्या विसरलेल्या नाहीत. त्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं की लस माकडं मारूनच काढतात, करोनात तर आपल्या नागपूरकडचीच माकडं धरून पुण्याला नेली. तेव्हापासून एकच वाक्य: "ज्याच्या पाया पडतो आपन, त्यालेच मारून काढलेलं औषध मी अंगात घेऊ काय?"

त्यांचा मारुतीवरचा भाव मला फार मोलाचा आहे, म्हणून खोटं सांगून सुई टोचायची नाही. काकूंचं खरं किती? आणि आमच्याकडे वेळ किती आहे?

प्रतिसाद १

ताई, आधी वेळेचं. मी सरकारी दवाखान्यात लसीकरणाचंच काम करते. आत्ता उठा, हळद सोडवा, साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं मनगट धुवा. उशीर झाला असला तरी धुवा. उद्या सकाळी सरकारी रुग्णालयात न्या, तिथे लस मोफत मिळते.

"दहा दिवस बघू" हे कुत्र्या-मांजराला लागू आहे, कारण ते डोळ्यासमोर राहतं. वानराला लागू नाही, आणि कुत्र्याच्या बाबतीतही पहिला डोस थांबवायचा नसतो. रक्त आलं म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम. लशीसोबत जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं, ते आवर्जून विचारा. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांआधी लस घेतली तर वाचतो.

पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लशीची होती. ती भारतात बंद होऊन वीसएक वर्षं झाली. आता दंडावर, कातडीत, बारीक सुई. पहिला डोस घ्याल तो शून्य दिवस धरायचा, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

प्रतिसाद २

काकूंचं अर्धं खरं आहे, आणि ते आईंना तसंच सांगा.

कोव्हॅक्सिनची २०२० मध्ये माकडांवर चाचणी झाली. लॉकडाऊनमध्ये माणसाकडून खायला मिळेना म्हणून माकडं रानात आत गेली होती. बरेच दिवस शोधल्यावर ती नागपूरजवळ सापडली. ती लाल तोंडाची माकडं, रामटेकचं काळ्या तोंडाचं वानर नव्हे. वीस माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. तीन गटांना लस, एकाला नुसतं द्रावण, मग सगळ्यांना विषाणू दिला. लस दिलेल्यांच्या फुफ्फुसात न्यूमोनिया दिसला नाही, न दिलेल्यांच्या दिसला. फुफ्फुसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, यावरून त्या जिवांचं काय झालं ते कळतंच. मला याचं वाईट वाटतं आणि त्यांचे उपकारही वाटतात. त्याआधी पोलिओच्या लशीसाठी आपल्याकडून किती माकडं परदेशी गेली! भारतानं ती निर्यात १९७८ मध्ये बंद केली.

पण रेबीजची लस बनवायला दर वेळी माकड मारावं लागत नाही. १९६२ साली जपानमधल्या चिबा विद्यापीठात एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून पेशी घेतल्या. त्यांना व्हेरो पेशी म्हणतात. कालच्या दह्याचं विरजण आज लावतो, आजचं उद्या, तशा त्याच पेशी आजवर वाढवत आणल्या आहेत. त्यांच्यात विषाणू वाढवून, मारून लस करतात. आईंना तेही नको असेल तर कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भपेशींवर केलेली रेबीजची लसही भारतात मिळते. पण ती शोधण्यात उद्याचा दिवस घालवू नका.

प्रतिसाद ३

आमच्या सिंधुदुर्गात माकडताप आहे, तो यातून होईल का?

प्रतिसाद १

नाही दादा. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, नखातून नाही. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली तेव्हा तो कळला. तुमच्याकडे मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वन विभागाला १९२६ वर कळवा.

धागाकर्ती

बुधवार, दुपारी तीन. पहिला डोस झाला, जखमेतलंही झालं. सगळ्यांचे मनापासून आभार.

रात्री मनगट धुताना मी विरजणाची गोष्ट सांगितली. आईंनी मध्येच विचारलं, "त्या एका माकडाचं नाव काय होतं?" मी म्हटलं, नाव कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. बराच वेळ बोलल्या नाहीत. सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसल्या होत्या. देवापुढे दोन दिवे होते, दुसरा कोणाचा ते मी विचारलं नाही. जखमेत सुई गेली तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली, पण हूं की चूं केलं नाही.

आता एक शेवटचं. दुसरा डोस शनिवारी येतो आणि शनिवारी त्यांचा उपास असतो, पाण्याशिवाय काही घेत नाहीत. उपासात लस चालेल का?

प्रतिसाद १

लशीला उपासाची आडकाठी नाही, ताई. पण या वयात रिकाम्या पोटी भोवळ येऊ शकते. केळं नाहीतर कपभर दूध चालतं का विचारा, आणि सकाळीच नंबर लावा. शनिवार चुकवू नका.

धागाकर्ती

विचारलं. दूध चालेल म्हणाल्या.