अ‍ॅडमिन असूनही रेजिस्ट्रीत बदल होत नाही, मदत हवी आहे

मंडळी, दोन संध्याकाळी यात गेल्या आहेत. विंडोज १०, ६४-बिट. संगणक माझा एकट्याचा, खातंही अ‍ॅडमिनचंच. फाइल एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीतलं 'नेटवर्क' घालवायचं आहे. चुकून त्यावर क्लिक झालं की तो हिरवा पट्टा सरकत बसतो आणि हाती काहीच लागत नाही.

त्यासाठी रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एचकेईवाय क्लासेस रूट या शाखेमध्ये सीएलएसआयडीखाली (विंडोजच्या घटकांच्या ओळख-क्रमांकांची यादी) एफ०२सी१ए०डी ने सुरू होणारी की (फोल्डरसारखी नोंद) आहे. तिच्या आत शेलफोल्डर, आणि त्यात अ‍ॅट्रिब्यूट्स नावाची व्हॅल्यू. ती बी००४००६४ आहे, बी०९४००६४ करायची. एका आकड्याचा तर खेळ! ओके दाबलं की 'एरर रायटिंग द व्हॅल्यूज न्यू कंटेंट्स'.

रेजएडिटवर (रेजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं, फरक नाही. मग त्या कीच्या परमिशन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये गेलो. ओनर म्हणून ट्रस्टेडइन्स्टॉलर (विंडोजची स्वतःची एक सर्व्हिस) दिसला. तो बदलून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स केला, अप्लाय झालं, ओनरही बदललेला दिसतो. तरी एरर तीच. आता मालकच मी, तर अडवतंय कोण? पूर्ण सीएलएसआयडीवरच फुल कंट्रोल देऊन टाकू का? (ती की आधीच एक्सपोर्ट करून ठेवली आहे, त्याबद्दल ओरडू नका.)

प्रतिसाद १

सीएलएसआयडीला अजिबात हात लावू नका. तिथे हजारो की आहेत आणि अनेकींच्या परवानग्या वेगळ्या. एकदा सरसकट बदलल्यात की पूर्ववत करताना नाकी नऊ येतील.

'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने काही होणार नव्हतंच. अ‍ॅडमिन खात्यातून रेजएडिट उघडताना तो यूएसीची (बदलाला संमती विचारणारी) खिडकी आणतो, म्हणजे पूर्ण अधिकार घेऊनच सुरू होतो. व्हिस्टापासून सिस्टीमच्या बऱ्याच कीजची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलरकडे असते आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना फक्त रीड. तुम्ही मालकी घेतलीत, पण त्या यादीत तुमच्यापुढे अजून रीडच असणार. घर नावावर झालंय, कुलूप जुनंच आहे. मालकाला परवानग्या बदलता येतात. व्हॅल्यू लिहायला परवानगी वेगळी द्यावी लागते.

परमिशन्सची खिडकी पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स निवडा, फुल कंट्रोलला टिक, अप्लाय. आणि डावीकडे शेलफोल्डरच निवडलंय ना, ते बघा. वरच्या कीची मालकी घेतली आणि ती आत उतरलीच नाही, असं फार वेळा होतं.

प्रतिसाद २

परमिशन्सच्या यादीत डिनायची (नकाराची) एखादी ओळ आहे का तेही बघून घ्या. त्याच कीवर थेट लावलेलं डिनाय असेल तर अलाव (परवानगी) कितीही द्या, चालत नाही.

धागाकर्ता

झालं! दोन्ही घोळ होते. मालकी मी वरच्या कीची घेतली होती, शेलफोल्डरचा ओनर अजून ट्रस्टेडइन्स्टॉलरच होता. तो बदलला, खिडकी बंद करून उघडली, फुल कंट्रोल दिलं, आकडा मुकाट्याने बसला. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट केल्यावर 'नेटवर्क' गायब.

पण एका जुन्या ३२-बिट प्रोग्रामच्या ओपन डायलॉगमध्ये ते अजून दिसतंय. आणि मालकी परत करायला ट्रस्टेडइन्स्टॉलर टाइप केलं तर 'नेम नॉट फाउंड' म्हणतोय.

प्रतिसाद १

३२-बिट प्रोग्राम वाऊ६४३२नोडखालची (६४-बिट विंडोजमधला ३२-बिट प्रोग्रामसाठीचा वेगळा कप्पा) सीएलएसआयडी वाचतात. तिथल्या शेलफोल्डरवर हीच सगळी कसरत पुन्हा.

नाव नुसतं टाकून सापडत नाही, कारण ते वापरकर्त्याचं खातं नाही, सर्व्हिस आहे. आधी एनटी, स्पेस, सर्व्हिस, मग बॅकस्लॅश आणि पुढे ट्रस्टेडइन्स्टॉलर सलग. पण त्याआधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सचं फुल कंट्रोल काढून रीड करा, मग मालकी द्या. क्रम उलटा झाला तरी चालतं, पण काढायला विसरलात तर फुल कंट्रोल तसंच राहून जाईल.